वस्तू बंद पडते तेव्हा काय बंद पडते?

बंद पडलेल्या वस्तूंविषयी बोलणे हा आपल्याकडचा मोठा लोकप्रिय विरंगुळा आहे. पारावर, एस. टी. च्या थांब्यावर किंवा लग्नाच्या पंगतीत पन्नाशीची चार माणसे जमली की गोल्ड स्पॉटची बाटली निघते, डालड्याचा पिवळा डबा निघतो, रावळगावची गोळी निघते, पंपाच्या स्टोव्हचा फरफराट निघतो. आणि ‘आता ती चव राहिली नाही’ या वाक्यावर सर्वांचे एकमत होऊन सभा बरखास्त होते. या सभेविषयी आमची तक्रार नाही. आम्ही स्वतः तिचे जुने सभासद आहोत. पण कामगार-संघटनेचे काम करता करता आम्हांला एक खोड जडली आहे. कोणताही ठराव एकमताने संमत होऊ लागला की त्याला एखादी उपसूचना मांडावीशी वाटते. आजची उपसूचना अशी की, वस्तू बंद पडली असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय बंद पडते, याचा एकदा हिशेब करावा.

आमच्या समजुतीप्रमाणे बाजारातल्या प्रत्येक मालाचे तीन भाग असतात. पहिला भाग नाव. दुसरा भाग प्रत्यक्ष माल, म्हणजे त्याची कृती, चव, वजन आणि किंमत. तिसरा भाग तो माल करणारे हात. आपण गिऱ्हाईक म्हणून दुकानात उभे राहतो तेव्हा हे तिन्ही भाग एकाच कागदात गुंडाळलेले दिसतात, त्यामुळे ते एकच आहेत असे आपल्याला वाटते. वास्तविक ते तीन आहेत, आणि कोणत्याही दिवशी एकमेकांपासून सुटे होऊ शकतात. नाव एकीकडे जाते, माल दुसरीकडे जातो, हात घरी बसतात. यांतले काय गेले आणि काय राहिले हे पाहिल्याशिवाय हळहळ करणे म्हणजे रोग न ओळखता औषध घेण्यासारखे आहे.

हे पाहण्यासाठी चांदवडकरांना फार लांब जावे लागत नाही. आग्रा रोडने मालेगावकडे निघावे. त्या मालेगाव तालुक्यातच रावळगाव आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत हात घातला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच गृहस्थांनी १९३३ साली रावळगावला साखरेचा उद्योग उभा केला, आणि १९४२ साली त्याच नावाने गोळ्यांचा कारखाना निघाला. ज्या शिवारात ऊस, तिथेच साखर, आणि साखरेजवळच गोळी. हा क्रम शेतकऱ्यालाही कळणारा होता. पुढे पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक अशी नावे देशभर गेली. पण आपल्या जिल्ह्यात मात्र कोणतीही चांगली गोळी म्हणजे ‘रावळगाव’च. गावाचे नाव पदार्थाला मिळावे असा मान फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो.

ही गोळी होते कशी, तेही सांगितले पाहिजे. कारण खाणाऱ्याला ती सोपी वाटते. साखरेचा पाक घरोघर होतो. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे त्याचे टप्पे आपल्या आयाबहिणींना बोटांच्या चिमटीवर कळतात. कडक गोळीसाठी पाक याच्याही पुष्कळ पुढे न्यावा लागतो. उघड्या कढईत तो सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत जातो, तेव्हा त्यात पाण्याचा अंश शेकडा २-३ एवढाच उरतो. नुसती साखर असेल तर थंड होताना तिचे पुन्हा दाणे बनतात आणि गोळी भुरभुरते. म्हणून तीत ग्लुकोजचा घट्ट द्रव मिसळतात. घरी आपण पाकात लिंबू पिळतो त्यामागचे कारणही हेच. मग तो तापलेला गोळा थंड पोलादी टेबलावर ओततात, रंग, आंबटपणा आणि वास घालून मळतात, त्याची लांब दोरी ओढतात, ती साच्यात कापली जाते, आणि हवेतला दमटपणा लागून चिकटायच्या आत गोळी कागदात गुंडाळली जाते. पाक कोणत्या क्षणी उतरवायचा हे यंत्राचा काटा सांगतो. पण पावसाळ्यात आणि मे महिन्यात एकाच काट्यावर एकसारखा माल निघत नाही, हे त्या यंत्रापाशी वीस वर्षे उभा राहिलेला माणूस सांगतो. हे ज्ञान कोणत्याही कागदावर नसते. ते हातात असते.

आता २०२४ सालची गोष्ट पाहा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रावळगावच्या गोळ्यांची नावे, त्यांच्या कृती आणि तत्संबंधीचे सर्व हक्क रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी मालाच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतले. जमीन, इमारत, यंत्रे ही मालमत्ता मात्र मूळ कंपनीकडेच राहिली. वर्तमानपत्रांतून ही बातमी ‘रावळगाव विकले’ अशा थाटात आली. पण वाचकांनी नीट पाहावे. विकले गेले ते नाव आणि कृती. सौद्यात भिंती नव्हत्या, कढया नव्हत्या, हात तर नव्हतेच. या व्यवहारात कोणाला दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. धंद्यात स्पर्धा वाढली, साखर, वीज, मजुरी हे सर्व खर्च चढले, आणि गोळीचा भाव चढेना, ही अडचण खरीच होती. आम्हांला दाखवायचे आहे ते एवढेच की, गावाचे नावसुद्धा गावापासून वेगळे करून विकता येते, आणि तो व्यवहार पूर्णपणे कायदेशीर असतो.

गोळीचा भाव चढेना असे म्हणालो, त्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. ज्वारीचा भाव दहा पैशांनी वाढू शकतो, कारण ती आपण किलोने घेतो. आठ आण्याच्या गोळीचा भाव दहा पैशांनी वाढवता येत नाही, कारण साठ पैसे द्यायचे कशाने? २५ पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून कायद्याने रद्द झाली. आठ आण्याचे नाणे कायद्याने चालते, पण दुकानदार ते घेत नाही आणि गिऱ्हाईक मागत नाही. तेव्हा कारखानदारापुढे दोनच वाटा उरतात. एक तर गोळी लहान करायची, नाही तर एकदम रुपया करायचा, म्हणजे दामदुप्पट. गोळी लहान करण्यालाही हद्द असते. चांदवडकरांना नाण्याची महती निराळी सांगायला नको. होळकरशाहीत इथल्या टांकसाळीचा चांदवडी रुपया चालत होता. नाणे चलनातून गेले की त्या नाण्यावर जगणारा मालही मागोमाग जातो. गंमत अशी की, सुट्ट्या पैशांच्या टंचाईत दुकानदार गोळीच नाण्यासारखी हातावर ठेवीत असे. मोबाईलवरून पैसे चुकते होऊ लागल्यापासून तोही प्रसंग कमी झाला. लहान मुलाच्या मुठीत मावणारी जी खरेदी होती, ती अशी दोन्ही बाजूंनी आवळली गेली. चव गेली म्हणून आपण रडतो. पण गरीब मुलाला कोणाचीही परवानगी न मागता करता येणारी खरेदी गेली, हे नुकसान आम्हांला अधिक मोठे वाटते.

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईचे आहे. विलेपार्ले येथे १९२९ साली पारलेचा कारखाना निघाला. तिथल्या ग्लुकोज बिस्किटांनी तीन-चार पिढ्यांची न्याहारी भागवली, आणि आगगाडीतून जाणाऱ्या उतारूला डोळे मिटूनही वासावरून स्टेशन ओळखता येत असे. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. त्या वेळी तिथे सुमारे ३०० कामगार होते. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण बिस्किट बंद पडले का? मुळीच नाही. ते दुसऱ्या कारखान्यांतून निघते आणि चांदवडच्या कोणत्याही टपरीवर मिळते. म्हणजे इथे नाव राहिले, माल राहिला, आणि त्या जागचे हात तेवढे गेले. म्हणूनच या बंद पडण्याची हळहळ पंगतीतल्या सभेत फारशी ऐकू येत नाही. चहात बुडवायला बिस्किट मिळते आहे, तोवर ते कोणी केले हे विचारण्याची आपल्याला गरज भासत नाही.

तिसरा प्रकार गोल्ड स्पॉटचा. १९७७ साली कोकाकोला कंपनी भारत सोडून गेली. परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा कमी करावा हा कायदा होता. उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस हे मूळचे कामगार-पुढारी होते आणि त्यांनी माघार घेतली नाही. मोकळ्या झालेल्या जागेत सरकारी मॉडर्न कंपनीने ‘डबल सेव्हन’ नावाचे पेय काढले. सत्तेबरोबर जन्मलेले ते पेय सत्ता पालटल्यावर फार दिवस तगले नाही. खरी बाजारपेठ मिळवली ती पारलेच्या थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट यांनी. पुढे धोरण बदलले, कोकाकोला परत आली आणि १९९३ साली तिने पारलेची ही पेये विकत घेतली. थम्स अप आणि लिम्का चालू राहिली. गोल्ड स्पॉट मात्र बाजारातून काढून घेण्यात आले, कारण त्याच रंगाचे आणि त्याच चवीच्या वर्गातले फँटा कंपनीला स्वतःचे विकायचे होते. इथे वस्तू खपत नव्हती म्हणून बंद पडली नाही. खपत होती म्हणून विकत घेतली गेली आणि मग बंद केली गेली. गिऱ्हाइकाची आवड हाच बाजाराचा राजा, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही वाचले आहे. हा राजा सही करण्याच्या वेळी खोलीत नसतो, एवढी भर आम्ही त्यात घालू इच्छितो.

हातांच्या बाजूने कायदा काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती की, कारखान्याची मालकी बदलली आणि त्यामुळे कामगाराची नोकरी तुटली किंवा तिच्या अटी खालावल्या, तर किमान एक वर्ष नोकरी झालेल्याला, दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार या मानाने भरपाई मिळावी. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आली आहे. ती चांगली आहे. पण ती लागू होते कारखान्याचा मालक बदलला तर. नुसते नाव आणि कृती विकली गेली, तर कारखान्याचा मालक तोच राहतो, आणि कलम दाराबाहेरच थांबते. पूर्वी धंद्याचे मोल यंत्रांत होते, म्हणून कायदा यंत्रांच्या मागे गेला. आज मोल नावात आहे. त्या नावाला मोल कशाने आले? वर्षानुवर्षे पाक बिघडू न देणाऱ्या हातांनी आणि विश्वासाने विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांनी. नाव विकले जाते तेव्हा या दोघांचाही हिस्सा हिशेबात धरला जात नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

हात आपले स्वतःचे नाव काढू शकतात, याचाही दाखला आहे. मुंबईत शिवडीच्या हिंदुस्थान लिव्हर कारखान्यात १९८८-८९ साली वर्षभर टाळेबंदी होती. त्या काळात कामगारांनी आपल्या संघटनेमार्फत धुण्याची पावडर तयार करून विकली आणि तिचे नावच ‘लॉकआउट’ ठेवले. कंपनीचे नाव नाही, कंपनीची यंत्रे नाहीत. ज्ञान तेवढे बरोबर आणलेले. बंद पडलेल्या वस्तूंच्या यादीत हे नाव आम्हांला कोणी घातलेले दिसत नाही. आम्ही ते आवर्जून घालतो.

आता दुसरी बाजू. जुने ते सोने, ही म्हण आपण फार सैल हाताने वापरतो. डालडा १९३७ साली आला. तुपाच्या जागी आलेल्या या मालाने गरिबाच्या लाडवाला आकार दिला हे खरे, आणि रिकाम्या डब्यात तुळस लावून तो पुढे दहा वर्षे अंगणात नांदला हेही खरे. परंतु वनस्पती तूप घट्ट करण्याच्या त्या जुन्या पद्धतीत जो ट्रान्स प्रकारचा स्निग्धांश तयार होतो तो हृदयाला घातक ठरला, आणि जानेवारी २०२२ पासून सरकारने त्यावर शेकडा २ ची मर्यादा घातली. लहानपणीची ती चव जशीच्या तशी परत यावी असे म्हणणाऱ्याने आपल्या रक्तवाहिन्यांचाही कौल घ्यावा.

स्टोव्हचेही तसेच. पंप मारणे, पिन मारणे, निळी ज्योत धरली की तो ठरावीक आवाज, हे सारे आठवायला गोड आहे. विशेषतः ज्यांनी तो कधी पेटवला नाही अशा पुरुषांना. रॉकेलच्या रांगेत कॅन घेऊन कोण उभे राहत होते, धुराने डोळे कोणाचे जात होते, हे घरातल्या बाईला विचारावे. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्रात इतक्या वेळा येत असे की वाचणारा पान उलटून पुढे जाई. त्यांतले किती भडके स्टोव्हचे होते आणि किती घरातल्या माणसांचे, हा प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनी लावून धरला. १९८३ साली ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब ही कलमे दंडविधानात आली, त्यामागे त्या स्त्रियांचा लढा आहे. ही आठवण वगळून स्टोव्हचे कौतुक करता येणार नाही. आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या माणसांना विचारा, की अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी त्यांना आठवते का. आठवते, चांगली आठवते. पण परत कोणी मागत नाही.

मग माणसाला जुन्या चवीची एवढी ओढ का? एक कारण शरीराचे आहे. वासाची वर्दी मेंदूत भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचते. म्हणून एका वासासरशी चाळीस वर्षांपूर्वीची दुपार उभी राहते. दुसरे कारण परिस्थितीचे आहे. गोळी आठवड्यातून एकदा मिळत होती; तिची गोडी साखरेत होती तेवढीच त्या आठवड्याच्या वाट पाहण्यातही होती. आज तीच गोळी, त्याच कृतीने केलेली, बरणीभर समोर ठेवली तरी ती वाट पाहणे कोणताही कारखाना करून देऊ शकत नाही.

ही ओढ आता व्यापाऱ्यांनीही ओळखली आहे. कँपा कोला हे जुने नाव रिलायन्सने २०२२ साली घेतले आणि २०२३ साली पुन्हा बाजारात आणले. पारलेची रोल-ए-कोला ही गोळी २००६ साली बंद झाली होती. हजारो लोकांनी समाजमाध्यमांवर मागणी केल्यावर २०१९ साली ती परत आली. या दुसऱ्या उदाहरणाचा आम्हांला आनंद होतो, कारण त्यात गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन काही मागितले आणि मिळवले. संघटना म्हणजे तरी दुसरे काय? पण एरवी सावध राहिले पाहिजे. आपलीच आठवण आपल्याला नव्या कागदात गुंडाळून विकली जात असेल, तर आतला माल पाहून घ्यावा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे होऊ नये.

तेव्हा करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली: पुढच्या वेळी पारावर एखाद्या बंद पडलेल्या वस्तूचे नाव निघाले की तीन प्रश्न विचारावेत. ती कोण करीत होते? ती का बंद पडली? आणि ती परत यावी, की गेली तेच बरे झाले? दुसरी: आपल्या तालुक्यात आणि शेजारच्या मालेगाव, मनमाड, नाशिक भागांत गोळ्या, कापड, साबण, भांडी अशा कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांपैकी पुष्कळांना भविष्यनिर्वाह निधीची जी पेन्शन मिळते तिची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरवण्यात आली. त्या रकमेत आठवणी जपण्याची चैन होत नाही. शाळांनी आपल्या मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडे पाठवावे. पाक कसा ओळखायचा, सुताचा धागा तुटणार हे आधी कसे कळायचे, कल्हई बसली हे कशावरून समजायचे, हे सर्व लिहून घ्यावे. राजांच्या बखरी आपण छापल्या; कामाची बखर अजून पुष्कळ बाकी आहे, आणि ती सांगणारी माणसे म्हातारी होत आहेत. तिसरी: घरच्या डबीत जुन्या कागदांचे, झाकणांचे, डब्यांचे काही नमुने असतील तर ते रद्दीत घालण्यापूर्वी गावच्या वाचनालयाला दाखवावेत.

आणि शेवटची गोष्ट आमच्या कामगार बंधूंसाठी. मालकाशी करार करताना आपण पगार, बोनस, रजा यांची कलमे घालतो. यापुढे आणखी एक कलम मागावे: या मालाचे नाव विकले गेले, तर त्याच्या किमतीत ते नाव मोठे करणाऱ्यांचा वाटा राहील. आज हे कलम कोणी मान्य करील असे नाही. आठ तासांचा दिवस, भरपगारी रजा, बोनस यांतलेही काही पहिल्या मागणीला मान्य झालेले नव्हते. मागणी आधी कागदावर यावी लागते, म्हणून ती आम्ही इथे कागदावर घालून ठेवीत आहोत.